दोष कुणाबरोबर फिरतो

संपादकाने कविता मागितली होती. देत नाही. खिशात तीन कविता आहेत, तिन्हीत समुद्र आहे आणि तिन्हीत तो खोटा आहे. खरा समुद्र मला बोटीच्या पोटात, इंजिनाच्या मागे, घोटाभर तेलकट पाण्यात उकिडवं बसून दिसला. तेच लिहितो.

मी सूतगिरणीतला कामगार. नववी नापास. पुढचं जे काय शिकलो ते रद्दीच्या दुकानात, वस्तीतल्या वाचनालयात आणि रिंग फ्रेम खात्यात. खात्यात मी आधी ऑइलर होतो, मग फिटरच्या हाताखाली गेलो. रिंग फ्रेमची चाती मिनिटाला १५-१६ हजार फेरे घेते. एका साच्यावर अशा शेकडो चात्या. त्या कल्लोळात एखादं बेअरिंग कुरकुरायला लागलं तर ते डोळ्यांना दिसत नाही. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लोखंड बोलतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, बापाने शिकवलं. तो म्हणायचा, "आधी कान दे, मग हात दे. हातोडा सगळ्यात शेवटी."

२०२३ च्या उन्हाळ्यात आमची गिरणी बंद पडली. विजेचं बिल थकलं म्हणाले, सुताला भाव नाही म्हणाले. कारणं मालकाची, उपास आमचे. मावसभाऊ रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या गाडीवर होता. तो म्हणाला, ये, बोटींची डागडुजी चालू आहे, हाताला काम मिळेल. आंबा घाट उतरून गेलो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर टेकवतात, वर प्लास्टिक घालतात आणि खाली कामं चालतात. फळ्यांच्या फटी बुजवणं, रंग, इंजिन, पंखा. मी एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. मिस्त्रीने पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारले. नाव काय? गाव कुठलं? गावात कुठं राहता? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. मी म्हणालो, "बौद्धवाड्यात." तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"चं वजन मला पाठ आहे.

माझ्याबरोबर आणखी एक पोरगा होता. आपल्यातलाच, संगमेश्वराकडचा, नदीकाठचा. वय १९. ओझी उचलायची, घासायचं, बोलावलं की धावायचं. मला दादा म्हणायचा.

ऑगस्ट उजाडला. बोटी पाण्यात गेल्या. आमची बोट लाकडी, इंजिन सहा सिलिंडरचं. पहिल्याच फेरीला बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. तांडेल म्हणाला, गिअर टाकला की मागून धडधड येते, बोटीचं अंग थरथरतं, आणि जरा वेळाने करकर सुरू होते. इंजिन बंद करून शाफ्ट हाताने फिरवून बघितला तर फिरत नाही. दोन माणसांनी पान्याने जोर लावला तेव्हा कुठे हलला.

नाखवा आला. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं न बघितलं आणि निकाल दिला. "शाफ्ट वाकलाय. या पोरानं चढवताना पाडला. मी तेव्हाच म्हटलं होतं."

पोरगा म्हणाला, "माज्या हातून नाय पडला वो. फळीवर टेकवलान् फक्त."

"टेकवला म्हणे! तुमच्या हातात कधी लोखंड होतं काय?"

"तुमच्या" हा शब्द अनेकवचनी होता. पोरगा एकटाच उभा होता.

शाफ्ट वाकला असेल तर बोट पुन्हा वर घ्यायची, पंखा काढायचा, दांडा लेथवर न्यायचा. आठ-दहा दिवस गेले. मोसमाचे पहिले दिवस म्हणजे नाखव्याचा सोन्याचा भाव. तो म्हणाला, याची दोन महिन्यांची मजुरी धरून ठेवा, पुढचं नंतर बघू. पोरगा धक्क्यावर जाऊन जाळ्यांच्या ढिगावर बसला.

इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या क्षणी मलाही वाटलं, पाडला असेल. पोरगंच आहे. मिस्त्रीने जातीवरून म्हटलं आणि मी वयावरून, पण तपासलं दोघांनीही नव्हतं. मग बापाचा आवाज आठवला. मी नाखव्याला म्हणालो, "शेठ, बोट वर घ्यायच्या आधी मला तीन तास द्या. वाकला असेल तर तसं सांगतो."

नाखव्याला आठ दिवसांपुढे तीन तास स्वस्त होते. हो म्हणाला.

आता काय केलं ते नीट सांगतो, कारण ही रीत कुठेही उपयोगी पडते.

पहिलं, आवाज कुणाचा ते ठरवायचं. बोट दोरांनी बांधून ठेवली आणि इंजिन न्यूट्रलला चालवलं. धडधड नाही. वेग वाढवला. तरी नाही. म्हणजे इंजिन तरी सुटलं. गिअर टाकला, हळू. धडधड आली. म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या जोडापासून पंख्यापर्यंत कुठंतरी. मिस्त्रीचा लांब पेचकस घेतला आणि फिरत्या भागापासून अंग सांभाळून एकेक जागा ऐकली. गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर धडधड जोरात. ग्लँडवर करकर. मागे जाऊ तसं कमी.

मिस्त्रीने माझ्या हातून पेचकस घेतला. त्यालाही ऐकायचं होतं. कानाला लावायच्या आधी त्याने वेस्टच्या गोळ्याने मूठ पुसली. वेस्ट म्हणजे गिरणीतलं टाकाऊ सूत, आमच्यासारख्यांच्याच खात्यातून निघालेलं. मी मनात म्हणालो, तेल लागलं असेल. पण मघाशी हाच पेचकस त्याने तांडेलाच्या हातून घेतला होता, तेव्हा पुसला नव्हता. तेल तांडेलाच्याही हाताला होतं. मी काही बोललो नाही. काम पुढे होतं, असं स्वतःला सांगितलं.

दुसरं, इंजिन बंद, चावी खिशात, आणि पंखा बघायचा. जाळ्याचा नायलॉनचा धागा पंखा आणि बेअरिंगच्या मध्ये गुंडाळला गेला की वितळून घट्ट होतो आणि शाफ्ट आवळतो. बघायला पाण्याखाली जावं लागतं. ऑगस्टातलं बंदराचं पाणी, वर डिझेल, खाली गाळ. कोण जाणार म्हणेपर्यंत पोरगा ढिगावरून उठला आणि सदरा काढून उतरला. ज्याच्यावर आळ, तोच पाण्यात. तीनदा वर आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "धागा नाय काय. पंख्याची पाती हातान् चाचपली, धड हत. बुशाला फट सारखी लागता चारी बाजूला."

मागचं बेअरिंग म्हणजे रबराचा बुश, आत उभ्या खाचा, त्यातून समुद्राचं पाणी जातं आणि तेच त्याचं वंगण. म्हणून बोट कोरड्यात असताना शाफ्ट हाताने फिरवून घट्टपणा जोखायचा नाही. कोरडं रबर शाफ्टाला धरून बसतं. पाण्यात सोडतं.

तिसरं, ग्लँड. शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथे समुद्र आत येऊ नये म्हणून ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी भोवती घालून नटांनी दाबतात. बोट चालू असताना ग्लँड थोडी टपकलीच पाहिजे. मिनिटाला दोन-चार थेंब. ते थेंब शाफ्टाला थंड ठेवतात. मी हात लावला तर ग्लँड चटका बसेल इतकी गरम आणि ठणठणीत कोरडी. मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, शेठला टपकलेलं आवडत नाही, म्हणून आवळली. दोन्ही नट सारखे अर्धा-अर्धा फेरा सैल केले. पाणी झरलं. शाफ्ट फिरवला. आता एका माणसाच्या जोराने फिरला. करकरीचं मूळ सापडलं. थेंबभर पाणी बाहेरचं आत आलेलं खपत नाही, मग आतलं सगळं जळालं तरी चालतं, अशी ही आवळणी होती. गावच्या पाणवठ्यावर आपण ती बघितली आहे.

पण घट्टपणा पुरता गेला नव्हता आणि धडधड बाकी होती. आता शेवटची आणि खरी परीक्षा.

गिअरबॉक्सची चकती आणि शाफ्टाची चकती बोल्टांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्याला कपलिंग म्हणतात. आम्ही बोल्ट काढले. शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि खोटं माप देतो, म्हणून खाली लाकडी खुंटी देऊन तोलून धरला. दोन्ही चकत्या जवळ आणल्या, भिडल्या न भिडल्या अशा. मधल्या फटीत फिलर गेज घातला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कपलिंग पाच इंचाचं. त्याला पाच थाऊपर्यंतचा फरक चालतो, इंचाला एक थाऊ हा ढोबळ हिशोब. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमचा फरक निघाला वीस. वर चकत्या टेकलेल्या, खाली फट.

मिस्त्री म्हणाला, "बघा! वाकडा!"

मी म्हणालो, "थांबा मिस्त्री. फट आहे, एवढंच कळलं. कुणामुळे, ते नाही कळलं."

मी खडू घेतला. शाफ्टाच्या चकतीवर वरच्या टोकाला एक रेघ मारली. गिअरबॉक्सच्या चकतीवर दुसरी. मग गिअरबॉक्स जागच्या जागी ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फिरवला. रेघ खाली गेली. जर शाफ्ट वाकलेला असेल, तर तो आपला दोष बरोबर घेऊन फिरेल, म्हणजे फट खालून वर येईल. पुन्हा गेज घातला. फट खालीच. शाफ्ट फिरला, दोष फिरला नाही.

मग शाफ्ट स्थिर ठेवला आणि गिअरबॉक्सची चकती अर्धी फिरवली. एवढ्यावर थांबायचं नसतं. दुसरी बाजूही फिरवून बघायची, कारण वाकडेपणा तिच्यातही असू शकतो. फट तरीही खालीच.

दोघींनी फिरूनही दोष जागचा हलत नाही, म्हणजे दोष दोघींत नाही. दोघींना जिथे बसवलंय त्या बसवण्यात आहे. इंजिनाची बैठक चुकली होती. आणि ती का चुकली तेही कळलं. जोडणी किनाऱ्यावर झाली होती. बोट ठोकळ्यांवर असते तेव्हा तिचं अंग एका आकारात असतं, पाण्यात उतरली की पाणी तिला चहूकडून उचलतं आणि तिचा आकार बदलतो. लाकडी बोटीचा तर जास्तच. म्हणून शेवटची जोडणी पाण्यात, बोट एक-दोन दिवस अंग टाकून स्थिर झाल्यावर करायची असते. ती कुणी केलीच नव्हती. ते काम मिस्त्रीचं होतं.

इंजिनाच्या मागल्या पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या. मोजलं, पुन्हा सरकवल्या. तिसऱ्या खेपेला फरक चार थाऊवर आला. बोल्ट आवळले. शाफ्ट एका हाताने फिरला. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. धडधड नाही. ग्लँड टपकत होती, नेमाने. तीन तासांचे साडेचार झाले होते.

नाखवा खूश झाला. मिस्त्री त्याला म्हणाला, "मला वाटलंच होतं बैठकीचं." मी गप्प. पोराला मजुरी मिळाली. "जा, या खेपेला सोडला," असं मिस्त्री म्हणाला. ज्याने काही केलंच नाही त्याला माफ करून टाकलं. माफी मागायला नको म्हणून आधीच माफी देऊन मोकळं व्हायची ही रीत जुनी आहे.

रात्री धक्क्यावर झोपलो होतो. झोप नव्हती. डोक्यात तो खडू. मी स्वतःवरच परीक्षा लावत होतो. शाळेत माझी बाटली बाजूला ठेवायचे. इचलकरंजीत खोली बघायला गेलो तर आडनाव ऐकून "कालच दिली" म्हणाले. गिरणीत डबा खाताना एक घोळका हळूच सरकायचा. इथे बंदरावर, दीडशे किलोमीटरवर, समुद्राच्या तोंडाशी, पेचकस पुसला गेला. मी फिरलो, गाव बदललं, काम बदललं, आणि फट माझ्याबरोबर फिरत आली. मग माझ्याच परीक्षेने दोष शाफ्टात ठरतो. म्हणजे माझ्यात. मित्रांनो, हसू नका. रात्रीच्या दोन वाजता, पोटात अर्धं अन्न असताना, हा हिशोब खरा वाटतो. आपल्यातली किती पोरं हाच हिशोब मांडून स्वतःला संपवत असतील.

पहाटेकडे ध्यानात आलं की परीक्षा अर्धीच झाली आहे. दुसरी चकती मी फिरवलीच नव्हती.

मला आयुष्यभर फिरवलं गेलं. शिक, सुधार, स्वच्छ राहा, बोली बदल, आडनाव बदल. दर वेळी मीच फिरायचं आणि दर वेळी फट मोजून माझ्या नावावर लिहायची. समोरची चकती मात्र पक्की बांधलेली, तिच्यावर कुणी खडूने रेघसुद्धा मारत नाही. मी तिला मनात फिरवून बघितलं. समोर मिस्त्रीच्या जागी तांडेल उभा केला. सकाळपासून तो मला बघत होता, त्याने माझ्याच तांब्यातून पाणी प्यायलं होतं. पुसापुशी नाही. मी तोच, बंदर तेच, आणि फट नाहीशी. म्हणजे फट माझ्याबरोबर फिरत नव्हती. ती जिथे जिथे मिळाली तिथे तिथे आधीपासून समोरच्या चकतीत होती, आणि तसल्या चकत्या या देशात गावोगाव बसवून ठेवल्या आहेत, म्हणून ती माझ्या पाठी आल्यासारखी वाटली.

आज्जा आठवला. तो मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात होता. १९८२ च्या संपानंतर गावाला आला तो परत गेलाच नाही. त्याचा बापही त्रासन खात्यातच. आज्जा सांगायचा, आपल्या माणसांना त्या काळी साळखात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. पण धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून घ्यावं लागे, आणि आपल्या ओठांचं सूत बाकीच्यांना चालत नसे. मालकाला नफा हवा होता, त्याला कुणाचेही ओठ चालले असते. बाजूच्या साच्यावरच्या कामगाराला चालत नव्हते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकापुढे मागण्या ठेवता, त्यात अस्पृश्य कामगाराच्या साळखात्यातल्या प्रवेशाची मागणी का नाही? मालकाची बाजू तर सगळेच मोजत होते. बाबासाहेबांनी कामगाराची चकतीही फिरवून दाखवली. तोपर्यंत तिच्यावर खडू कुणी लावला नव्हता.

धोट्याचं सूत ते पेचकसाची मूठ. ओठ ते कान. मधे जवळजवळ शंभर वर्षं.

सकाळी मी मिस्त्रीकडे गेलो. मनात मोठं भाषण होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, "मिस्त्री, काल तांडेलाकडून घेतलात तेव्हा पुसला नव्हतात. माझ्याकडून घेताना पुसलात." तो म्हणाला, "काय?" मी परत सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पेचकसाकडे, मग समुद्राकडे. "कामाला लाग," म्हणाला. मी लागलो. कुणी म्हणेल, हा कसला विद्रोह? खरंय. पण काल मी गप्प होतो आणि आज रेघ मारून आलो. रेघ मारल्याशिवाय फट कुणाची ते कळत नाही.

त्या आठवड्यात पोरगा मागे लागला, "दादा, ती खडूची परीक्षा मला दाव." दाखवली. दुपारच्या सुट्टीत, पत्र्याच्या दोन झाकणांवर. त्याला मी तीन गोष्टी बजावल्या. हातोडा शेवटी. ग्लँड टपकू दे. आणि एकच बाजू फिरवून निकाल द्यायचा नाही, दोन्ही फिरवायच्या. मग गिरणी सुरू झाल्याचा निरोप आला आणि मी घाट चढून परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. दुसऱ्या बंदरात, दुसऱ्या बोटीवर होता. तसाच आवाज, तसाच घट्टपणा.

"मंग?" मी विचारलं.

"आदी इचारलानी, कोणी पाडला."

"तू काय म्हणालास?"

"म्हटला, खडू आना."

दोन्ही बाजू फिरवल्या होत्या त्याने. शाफ्टाची रेघ जिकडे गेली तिकडे फट गेली. शाफ्ट खरोखरच वाकला होता. बोट खडकाला घासली होती, तांडेलाने मग कबूल केलं.

"दादा, मी सांगितला ता ऐकलानी त्यांनी," पोरगा म्हणाला. मागे इंजिनाचा आवाज येत होता. मी फोन कानाला घट्ट लावून तो आवाज ऐकत बसलो.